डिजिटल चित्रांतून टॅरो संच : खान्देशी चित्रं, रेखाटनापासून डब्यापर्यंत

पऱ्हाटी (शहादा)

टॅरोचा (भविष्य पाहण्यासाठी वापरतात त्या चित्रकार्डांचा) ७८ कार्डांचा पूर्ण संच डिजिटल चित्रांतून करायचा आहे. विषय खान्देश : तापी, सातपुडा, केळीच्या बागा, कापूस, सारंगखेड्याचे घोडे, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके. साधनं म्हणजे पेन टॅबलेट आणि क्रिता हे चित्रांचं सॉफ्टवेअर. काही रेखाटनं प्रोक्रिएट अॅपमध्ये होतील. आधी ५० संच, मग ५००. सुरुवात कोणत्या कार्डापासून करावी, फाइल किती मोठी ठेवावी, पडद्यावरचे रंग कागदावर कसे टिकवावेत, छपाई जळगाव-धुळ्याकडे होईल का आणि जुन्या संचांच्या मांडणीचा आधार कुठवर घेता येतो, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. टॅरो खरं की खोटं ही चर्चा इथे नको.

सातपुडा_रेघ (धुळे)

पहिली रेघ मारायच्या आधी संच कोणत्या परंपरेचा हे ठरवा, कारण कामाचा आवाका त्यावर अवलंबून आहे. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीत २२ मेजर (चंद्र, तारा अशी स्वतंत्र नावांची) आणि १६ दरबारी कार्डं (प्यादा, स्वार, राणी, राजा; वाँड्स म्हणजे काठ्या, पेले, तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी अशा चार गटांत) चित्रांची असतात. उरलेली ४० अंकांची कार्डं म्हणजे नुसती मांडणी : तीन पेले, सात तलवारी, भोवती वेलबुट्टी. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या राइडर संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी या ४० कार्डांवरही माणसं आणि प्रसंग चितारले. आज बहुतेक वाचणारे त्याच चित्रांवर शिकलेले असतात. पहिल्या पद्धतीत ३८ पूर्ण चित्रं, दुसऱ्या पद्धतीत ७८. एकट्याने काम करणाऱ्यासाठी हा फरक प्रचंड आहे, आणि पहिला संच मार्सेय पद्धतीने करण्यात काही कमीपणा नाही.

राइडर पद्धत घेतली तर तिच्या खुणा पाळा. पेल्यांच्या पंजीत तीन पेले सांडलेले आणि दोन मागे उभे. पेल्यांच्या अठ्ठीत रचलेल्या पेल्यांमध्ये एक जागा मोकळी. ताऱ्याच्या कार्डावर एक मोठा आणि सात लहान तारे, बाईचा एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर. वाचणारा याच खुणा शोधतो. त्या राहिल्या तर चित्र देखणं असूनही कार्ड मुकं होतं. क्रमांकही आधीच ठरवा. राइडर संचात स्ट्रेंग्थ (बळ) ८ आणि जस्टिस (न्याय) ११, मार्सेयमध्ये नेमकं उलट. अर्ध्या कामानंतर क्रम बदलला की कार्ड, पुस्तिका आणि फाइलींची नावं तिन्ही बदलावी लागतात आणि एखादी हमखास सुटते.

आता कुठून सुरू करायचं. ०, १, २ अशा क्रमाने अजिबात जाऊ नका. चार-सहा महिन्यांच्या कामात हात बदलतो, रेघ सैल किंवा पक्की होते, आणि क्रमाने काढलं तर हा फरक सरळ दिसतो : मेजर एका हाताचे, पेंटॅकल्स दुसऱ्याच हाताचे. आधी पाच कार्डं पूर्ण करा. एक मेजर, एक दरबारी, एक एक्का, एक खूप गर्दीचं (तलवारींची किंवा वाँड्सची दश्शी) आणि एक जवळजवळ रिकामं (हर्मिट, म्हणजे एकांतातला साधू). चौकट, नावाची पट्टी, रेघेची जाडी, माणसाच्या डोक्याचा आकार हे सगळं या पाचांवर पक्कं होतं. नंतरची कार्डं गट मिसळून घ्या.

त्याच्याही आधी ७८ लहान रेखाटनं एकाच कॅनव्हासवर, प्रत्येकी ३ × ५ सेंमीच्या चौकटीत. काळा, पांढरा आणि दोन राखाडी एवढंच वापरा. सगळी शेजारी शेजारी दिसली की लगेच कळतं, क्षितिजरेषा चाळीस ठिकाणी एकाच उंचीवर आलीय, निम्मी माणसं डावीकडे बघतायत, तीन राण्या एकाच पद्धतीने बसल्यात. हे दोष रंगवून झाल्यावर निस्तरणं फार जड जातं.

तापीकाठ (चोपडा)

खान्देश या विषयावर लिहितो. ओळखीच्या वस्तू नुसत्या चिकटवल्या तर संच पर्यटनाच्या कॅलेंडरसारखा होतो. कार्डाची जी कृती आहे तीच कृती आपल्याकडे कुठे घडते, ते शोधा.

वाँड्ससाठी तुमचं टोपणनावच उत्तर आहे. वाँड्सच्या दश्शीत एक माणूस दहा काठ्यांच्या ओझ्याखाली वाकून गावाकडे चाललेला असतो. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, भारा जळणासाठी डोक्यावरून घरी नेणं ही हुबेहूब तीच कृती. अडचण मोजणीची आहे. पऱ्हाटी फांद्यांची असते, दहा पऱ्हाट्यांचा भारा काढला की पन्नास काड्या दिसतात. त्यावर उपाय म्हणजे भाऱ्याची मुळाकडची बाजू बघणाऱ्याकडे करायची. जाड बुंधे दहाच, माती लागलेले, प्रत्येकाला थोडी उजळ कडा. वरच्या फांद्या एका छटेत मिसळू द्यायच्या. एक्क्यासाठी मात्र वाळलेली पऱ्हाटी नको. त्या कार्डाला पालवी लागते, तेव्हा हिरवी, पात्या-फुलं धरलेली घ्या.

टेम्परन्समध्ये (संयमाच्या कार्डात) एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतलं जातं. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. दोन पाण्यांच्या दोन छटा आणि मधली मिसळणारी रेघ एवढ्यावर ते कार्ड उभं राहतं. चंद्राच्या कार्डावर पाण्यातून वर येणारा प्राणी असतो आणि काठावर कुत्रा व लांडगा. आपल्याकडे खेकडा, गावकुत्रं आणि कोल्हा घेतले तर अर्थ हलत नाही.

चार स्वार सारंगखेड्यावरून घ्यायचे तर घोड्यांची चाल वेगवेगळी ठेवा : वाँड्सचा मागच्या पायांवर उसळलेला, पेल्यांचा संथ पावलांचा, तलवारींचा चौखूर उधळलेला, पेंटॅकल्सचा जागेवर उभा. यात्रा दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरते. तिथे स्वतः फोटो काढून संदर्भ जमवा. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला जवळजवळ टेकतात. एवढी एक गोष्ट बरोबर आली की पाहणारा चित्रावर विश्वास ठेवतो.

केळीचं तसंच. घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वरच्या दिशेला वळलेली असतात आणि केळफूल सगळ्यात खाली. वाऱ्याने पान शिरांच्या दिशेनेच फाटतं, कडेपासून मधल्या दांड्याकडे. एम्प्रेसच्या (सम्राज्ञीच्या) मागे बाग दाखवणार असाल तर हे चुकवू नका, रावेर-यावलचा वाचक पहिल्या नजरेत पकडतो.

आखाजीचा झोका हँग्ड मॅनला (उलट्या टांगलेल्या माणसाच्या कार्डाला) लावायचा मोह होईल. नका लावू. ते कार्ड थांबण्याचं आहे आणि झोका हलतो. पेल्यांच्या छक्कीत, जिथे लहानपण आणि माहेर आहे, तिथे झोका चपखल बसतो.

अक्षरवेल (अमळनेर)

तापीकाठदादा, आपली कानबाई देवी कुठे बसवाल? हाय प्रीस्टेस (पुजारीण) म्हणून नथ, नारळ, फुलोरा असं चित्र फार सुंदर होईल असं वाटतं.

तापीकाठ (चोपडा)

ताई, चित्र सुंदर होईल यात शंका नाही, तरी मी टाळेन. टॅरोची कार्डं पिसली जातात, जमिनीवर मांडली जातात, निम्म्या वेळा उलटी पडतात आणि उलट्या कार्डाचा अर्थ बहुधा वाईट घेतला जातो. ज्या देवीला लोक घरी आणून रात्र जागवतात तिचा मुखवटा तसा उलटा पडलेला अनेकांना सहन होणार नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. रोट, दिवा, पाटाभोवतीची आरास, गाणी म्हणणाऱ्या बाया हे सगळं घेता येतं. पेल्यांच्या तिर्रीत तीन बायका आनंदाने पेले उंचावतात. तिथे कानबाईची गाणी म्हणणाऱ्या तिघी जणी शोभतील.

धडगाव-अक्कलकुव्याकडचं घ्यायचं असेल तर होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, होळीचे ढोल, पावरा आदिवासींचे दागिने हे प्रत्यक्ष पाहून, विचारून घ्या. कुणाचं चित्र किंवा नक्षी जशीच्या तशी वापरायची असेल तर परवानगी, मोबदला आणि पुस्तिकेत नाव, तिन्ही.

सातपुडा_रेघ (धुळे)

पूर्ण सहमत.

गिरणाथडी (चाळीसगाव)

आधार कुठवर घेता येतो, यावर. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. पामेला कोलमन स्मिथ १९५१ साली वारल्या, त्यामुळे १९०९ ची मूळ चित्रं आपल्याकडे २०१२ पासून खुली आहेत. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, तिथे २०२२ पासून. खुली आहेत ती मूळ चित्रं. नंतर कुणी नव्याने रंगवलेली आवृत्ती त्या रंगकामापुरती संरक्षित असू शकते, म्हणून कुठल्याही साइटवरची चकचकीत प्रत समोर ठेवून तिच्यावर रेघा गिरवू नका. प्रकाशनांची नावं हा ट्रेडमार्कचा वेगळा विषय आहे. डब्यावर ‘राइडर’ वगैरे लिहायचंच नाही.

थॉथ या दुसऱ्या प्रसिद्ध संचापासून लांब राहा. चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस १९६२ साली वारल्या, म्हणजे ब्रिटन-युरोपात ती चित्रं २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. संच बाहेर पाठवायचा विचार असेल तर हे महत्त्वाचं.

पुस्तिकेत बहिणाबाईंच्या ओळी घ्यायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. त्याही १९५१ साली गेल्या. कविता पुस्तकरूपाने १९५२ साली, त्यांच्या पश्चात आल्या. मरणोत्तर प्रकाशनाला मुदत प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे २०१३ पासून त्या मोकळ्या आहेत. ओळी छापील पुस्तकावरून ताडून घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पाठात शब्द बदललेले असतात.

छपाईवाला (जळगाव)

फाइल आणि छपाई. जरा लांब होईल.

टॅरोचं रूढ माप ७० × १२० मिमी. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरून फाइल ७६ × १२६ मिमी. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) १७९५ × २९७६ पिक्सेल होतात. ३०० ला (८९८ × १४८८) रंगाचे मोठे भाग चालून जातात, पण आयाळ, लुगड्याचे काठ, नावाची अक्षरं ६०० लाच स्वच्छ उतरतात. ८ बिट आरजीबीमध्ये या मापाचा एक भरलेला लेयर (चित्राचा थर) साधारण २१ एमबी मेमरी घेतो. ३० लेयर झाले तर ६४० एमबीच्या आसपास, १६ बिटला दुप्पट. कापायच्या रेषेपासून आत ५ मिमीपर्यंत अक्षर, अंक, चेहरा काही नको. कटिंग अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होतंच.

आता शीट. डिजिटल प्रेसवर १३ × १९ इंचांचा कागद मिळाला तर छापायची जागा साधारण ३२० × ४७० मिमी. त्यात ४ × ३ अशी १२ कार्डं बसून मार्क्सना जागा उरते. ७ शीटवर ८४ जागा होतात, म्हणजे ७८ सोडून सहा उरतात : शीर्षक, दोन अर्थसूची, एक रंगपट्टी, दोन कोरी. १२ × १८ चा कागद असेल तर ३ मिमी ब्लीडने दहाच बसतात, मग ८ शीट. प्रेसवाला म्हणेल ब्लीड दोन मिमी करा, बारा बसवतो. कागदावर ते बसतं, पण कापायच्या खुणांना जागा राहत नाही आणि कटिंगला पांढरी कड निघते. नाही म्हणा.

सातही शीटवर कार्डांची दिशा एकच ठेवा. कागदाला ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा असते. अर्धी शीट उभी आणि अर्धी आडवी लावली तर निम्मी कार्डं वाकवताना कडक आणि निम्मी मऊ लागतात, आणि पिसणाऱ्याच्या बोटांना ते लगेच कळतं.

कागद ३०० ते ३१० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). खेळायच्या पत्त्यांचा खास बोर्ड मिळतो, मधल्या थरात काळा किंवा निळा गाभा असतो, त्यामुळे उजेडात आरपार दिसत नाही आणि वाकवून सोडला की सरळ होतो. जळगावात तो सहज मिळेलच असं नाही, मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. साधं आर्ट कार्ड वापरलं तर चालतं, पण बरेच दिवस पिसल्यावर मधे मोड पडते. जाडीचा हिशेब आत्ताच मांडा : ०.३ मिमीचं कार्ड असेल तर ७८ ची थप्पी २३.४ मिमी, ०.३८ मिमीचं असेल तर जवळजवळ ३० मिमी. डबा या आकड्यावर बेततात, अंदाजाने नाही.

५० संचांना डिजिटल ठीक. ५०० ला ऑफसेटच परवडतं, आणि तिथे प्लेटांचा हिशेब बघा. २० × ३० इंचांच्या कागदावर २६ कार्डं लावली तर तीन फॉर्ममध्ये (छपाईच्या मांडण्यांत) ७८ होतात. पुढच्या बाजूला प्रत्येक फॉर्मच्या चार रंगांच्या चार प्लेट, एकूण १२. मागची नक्षी सगळ्यांची एकच आणि मांडणीही एकच असल्यामुळे पाठीच्या चारच प्लेट तिन्ही फॉर्मला चालतात. म्हणजे १६. कोटेशनमध्ये २४ लिहिल्या असतील तर विचारा. जळगाव-धुळ्यात ऑफसेट आहे, पण गोल कोपऱ्याचा अचूक डाय आणि पत्त्यांचं कोटिंग यासाठी नाशिक, पुणे, मुंबई किंवा थेट शिवकाशी बघावी लागेल.

पऱ्हाटी (शहादा)

फार उपयोगी. रंगांचं सांगा. पडद्यावर निळा-जांभळा आणि भगवा झकास दिसतो, छापल्यावर तो मातकट होतो.

छपाईवाला (जळगाव)

पडदा प्रकाश देतो आणि कागद तो परतवतो, त्यामुळे काही आरजीबी (पडद्याचे) रंग शाईत बसतच नाहीत. चित्र एसआरजीबीत रंगवा, पण क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफिंग (छापील रंगाचा पडद्यावरचा अंदाज) चालू ठेवून. कंट्रोल आणि वाय दाबलं की सुरू होतं. शिफ्ट जोडलं की शाईच्या आवाक्याबाहेरचे भाग वेगळे दाखवतं. रंगांचं प्रोफाइल प्रेसकडून घ्या, त्यांच्याकडे नसेल तर कोटेड कागदासाठी फोग्रा ३९ लावा. शेवटी सीएमवायके (चार शायांच्या रंगांतली) टिफ काढा. पीएनजीमध्ये सीएमवायके राहत नाही, ती फाइल प्रेसमध्ये पुन्हा फिरवली जाते आणि तिथेच रंग हातातून जातो.

निळ्यात सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या खाली ठेवा, नाहीतर रात्र जांभळी होते. हळदीच्या पिवळ्याला मॅजेंटा २० ते २५, पिवळा १००, बाकी शून्य. त्यात सायनचा एखादा टक्का शिरला तरी तो मळतो. गडद काळ्यासाठी सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, बेरीज २४०. बेरीज ३०० च्या वर गेली की शाई वाळत नाही आणि मागच्या शीटला डाग लागतात. अक्षरं मात्र निव्वळ काळ्या १०० मध्येच, चार रंगांत बारीक अक्षर छापलं की रजिस्टर (रंगांची जुळणी) जरा हलताच दुहेरी दिसतं.

हर्मिट, चंद्र, टॉवर ही रात्रीची कार्डं पडद्यावर दिसतात त्यापेक्षा काळी छापून येतात. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून बघा. सावलीतला तपशील तेव्हाही दिसला पाहिजे.

अक्षरवेल (अमळनेर)

कार्डावरचं मराठी नाव हा सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो. चित्राच्या फाइलमध्ये नाव लिहूच नका. चित्र टिफमध्ये, नावं स्क्रायबस किंवा इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये वरून लावा. ७८ नावांतलं एखादं बदललं तर चित्राला हात लावावा लागत नाही, आणि इंग्रजी नावांची आवृत्ती काढायची झाली तर तीच चित्रं वापरता येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीतच लावणार असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते.

पट्टीची उंची ९ मिमीच्या खाली नको. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हींना जागा लागते. इंग्रजी संचाच्या पट्टीत मराठी कोंबलं की अक्षर ७ पॉइंटवर येतं आणि ‘पूर्णत्व’सारख्या शब्दात ऊकार चौकटीला घासतो. १० ते ११ पॉइंट ठेवा. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी, यात्रा वन हे टंक खुल्या परवान्याचे आहेत, विक्रीच्या कामातही बिनधास्त वापरता येतात. प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करूनच (आकृतीत बदलूनच) द्या. तिकडे जुनं कोरल सॉफ्टवेअर असतं, युनिकोड मजकूर उघडताना मोडतो, आणि मोडलेलं मराठी तिथे कुणी वाचून बघेल याची खात्री नसते. कर्व्ह केल्यावर पीडीएफ पुन्हा अक्षर न् अक्षर वाचा.

फाइलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि दोन अंकी क्रमांकाने सुरू होणारी ठेवा, म्हणजे ००, ०१ पासून ७७. देवनागरी नावं एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना बिघडतात आणि क्रम विस्कटतो.

सातपुडा_रेघ (धुळे)

पाठीमागच्या नक्षीबद्दल. ती १८० अंशात फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे, नाहीतर उलटं कार्ड पाठीवरूनच ओळखू येतं. अर्धीच नक्षी काढा, तिची प्रत १८० अंश फिरवून जोडा. सावली, पोत, ब्रशचे डाग हेही त्या अर्ध्यातच असू द्या. वरून वेगळा पोत टाकला तर समतोल मोडतो. सही, लोगो, वर्ष पाठीवर नको. जोडावर मधे रेघ दिसू नये म्हणून तिथे फूल किंवा पदक ठेवतात. गोधडीचे टाके, चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या कोरीव पट्ट्या, केळीच्या आडव्या कापाची चक्राकार रचना, यातलं काहीही छान फिरतं.

पाठीला बारीक एकसारखी किनार काढायची असेल तर २ मिमी पुरे, संच नेटका दिसतो.

छपाईवाला (जळगाव)

रेघभाऊ, किनारीबाबत असहमत. डिजिटल प्रेसवर पुढची-मागची बाजू एक मिमीपर्यंत सरकते. २ मिमीची किनार असेल तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसते, आणि प्रत्येक शीटचं सरकणं वेगळं असल्यामुळे कार्डं पाठीवरून ओळखू येतात. मग वरचा सगळा समतोल वाया. डिजिटलला पाठीची नक्षी थेट कडेपर्यंत न्या. किनार हवीच असेल तर ५ मिमीपेक्षा जाड, आणि तीही ऑफसेटला.

पुढच्या बाजूला मात्र फिकट किनार असलेली बरी. गडद रंग कडेपर्यंत नेला की पिसून पिसून कडेची शाई उडते आणि पांढरे टवके दिसतात. काळ्या पार्श्वभूमीचे संच यामुळेच लवकर जुने दिसतात.

लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी, नाहीतर मुळीच नाही. एकाच बाजूला फिल्म असली की कागद हवेतला ओलावा घेतो-सोडतो आणि फिल्म तशीच राहते. पावसाळ्यात कागद फुगून कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कागद आक्रसून उलट्या बाजूला. भुसावळच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेलं एकतर्फी कार्ड बघता बघता होडी होतं. कागद छापण्याआधी दिवसभर प्रेसच्या खोलीतल्या हवेत राहू द्या, आणि तयार संच वजनाखाली सपाट ठेवा.

डिजिटल छपाईवर साधी थर्मल फिल्म सुटते, कारण टोनरवर तेलकट थर असतो. डिजिटलसाठीची जास्त चिकट फिल्म मागा. मॅट हाताला छान लागते आणि दिव्याखाली चमकत नाही, पण गडद भागावर बोटांचे ठसे उमटतात. ग्लॉस कार्डं एकमेकांना चिकटतात, पंख्यासारखी उघडत नाहीत.

गिरणाथडी (चाळीसगाव)

एआयने चित्रं करून नंतर दुरुस्त करण्याबद्दल हल्ली खूप विचारणा होते. टॅरोच्या बाबतीत त्याची अडचण फार ठोस आहे : मोजणी. नऊ तलवारींऐवजी आठ किंवा अकरा येतात, पेल्यांना दोन कान आणि शेजारच्याला एक, स्वाराचा लगाम कुठेच बांधलेला नसतो, आणि ७८ कार्डांवर एकच चेहरेपट्टी राहत नाही. केळीचा घड बहुधा उलटा. हे सगळं दुरुस्त करायला लागणाऱ्या वेळात कार्ड हाताने काढून होतं. शिवाय अमेरिकेत निव्वळ एआयने केलेल्या चित्राला कॉपीराइटची नोंदणी देत नाहीत, त्यामुळे नक्कल झाली तर हातात काही राहत नाही. एआय वापरलंच तर डब्यावर स्पष्ट लिहा. विकत घेणाऱ्याला ते कळायलाच हवं.

हाताने काढतानाही मोजणी चुकते. प्रत्येक पेला, प्रत्येक तलवार वेगळ्या लेयरवर ठेवून लेयरला १, २, ३ अशी नावं द्या. शेवटी लेयर मोजा, चित्र मोजू नका. एखादी तलवार माणसामागे लपली असेल तर लेयर दहा आणि दिसतात नऊ, म्हणून दोन्ही जुळवा.

पऱ्हाटी (शहादा)

कापणी आणि संच लावणं घरीच करायचा विचार आहे. ७८ पैकी एखादं कार्ड कमी किंवा दुबार जाऊ नये म्हणून वजनकाट्यावर तपासलं तर?

छपाईवाला (जळगाव)

पूर्ण संच एकदम तोलला तर भरवसा नाही. ७० × १२० चं ३१० जीएसएम कार्ड साधारण २.६ ग्रॅम भरतं, ७८ चे २०३ ग्रॅम. कागदाच्या वजनात एक टक्क्याचा फरक सहज असतो, म्हणजे दोन ग्रॅम. एका कार्डाची उणीव त्यात लपून जाते. गटागटाने तोला. १४ कार्डांचे साधारण ३६.५ ग्रॅम, त्यात एक कमी म्हणजे सात टक्के, ते लपत नाही. २२ मेजरचे ५७ च्या आसपास. लॅमिनेशन असेल तर आकडे वाढतील, म्हणून हाताने मोजलेला एक गट तोलून तोच प्रमाण धरा. एक कमी आणि दुसरं दुबार असेल तर वजन बरोबरच येतं, त्यासाठी गट पंख्यासारखा उघडून अंक वाचण्याला पर्याय नाही. एकाने लावलेला संच दुसऱ्याने वाचावा.

कापताना गिलोटिनखाली उंच थप्पी घालू नका. पातं खाली जाताना सरकतं आणि वरचं कार्ड व खालचं कार्ड यांत अर्ध्या मिमीचा फरक पडतो. लॅमिनेशनची थप्पी तर घसरतेच. दोन-तीन सेंमीच्या थप्प्या करा, वरून-खालून जाड पुठ्ठा लावा, आणि एका संचाची सगळी कार्डं एकाच मापाच्या सेटिंगवर कापा. कोपऱ्यांना ३ ते ५ मिमी त्रिज्येचं हातयंत्र मिळतं, त्यात एका वेळी एक सेंमीपेक्षा कमी घाला. पातं बोथट झालं की कोपऱ्यावर फिल्म उचलली जाते, तो संच बाजूला काढा.

अक्षरवेल (अमळनेर)

डबा आणि पुस्तिका राहिली. ५० संचांना झाकण-तळाचा पुठ्ठ्याचा कडक डबा लग्नपत्रिकेचे डबे करणाऱ्यांकडून करून घेता येतो. आतलं माप कार्डापेक्षा प्रत्येक बाजूने दीड-दोन मिमी सैल, उंची थप्पी अधिक पुस्तिका अधिक दोन मिमी. आत एक रिबीन घालायला सांगा, नाहीतर पहिलं कार्ड नखाने उचकटावं लागतं आणि तिथेच कोपरा दुमडतो. पुस्तिका डब्यात बसायची तर कार्डाच्याच मापाची, पिनबांधणीची; पानांची संख्या चारच्या पटीत, साधारण ४८ ते ६४, ७० ते ८० जीएसएम कागदावर. यापेक्षा जाड झाली की पिन धरत नाही.

पऱ्हाटी (शहादा)

सगळ्यांचे मनापासून आभार. छपाईवालादादा, पाच कार्डं पूर्ण झाल्यावर नमुना कसा काढावा?

छपाईवाला (जळगाव)

पाचावर नको, बारा झाल्यावर काढा, म्हणजे एक शीट पूर्ण भरते. बारांत सगळ्यात अवघड असतील ती घ्या : रात्रीचं गडद, भगव्या-पिवळ्याचं, निळ्या पाण्याचं, सगळ्यात लांब नावाचं, सगळ्यात बारीक रेघेचं. ज्या कागदावर संच निघणार त्याच कागदावर, पाठ छापून, लॅमिनेशन करून, कापून, कोपरे गोल करून. दोन शीट काढा. एक कापून महिनाभर रोज पिसा, दुसरी न कापता तारीख टाकून, अंधारात सपाट ठेवा. मोठी छपाई सुरू होताना प्रेसवर तीच शीट शेजारी धरून रंग जुळवायला सांगा, आणि पहिली दहा शीट निघेपर्यंत तिथून हलू नका. रंगचित्रं दिवसाच्या उजेडात बघा, प्रेसच्या ट्यूबलाइटखाली हिरवा आणि पिवळा दोन्ही फसवतात. केळीच्या पानांचं कार्ड त्या बारांत नक्की घ्या, तुमच्या संचात तो हिरवा सगळीकडे येणार आहे.